दुसरी सही

लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात पूर्वी चोराला रात्रीची वाट पाहावी लागे. कुत्री भुंकत, शेजारी जागा होई. आजचा चोर भर दुपारी, सोयाबीनचे पैसे खात्यात जमा झाल्यावर येतो आणि दार आपणच त्याला उघडून देतो. कारण तो येतो साहेबाच्या थाटात.

‘बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी संपलंय. आज पाचपर्यंत खातं बंद होईल.’ या तीन वाक्यांत त्याची सारी विद्या आली. पहिल्यात अधिकार, दुसऱ्यात भीती, तिसऱ्यात घाई. सोंगं मात्र अनेक. कधी वीज तोडण्याचा मेसेज, कधी ‘पीएम किसान’च्या हप्त्याच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल. ती फोनमध्ये बसवली की आपले मेसेज, ओटीपीसकट, परक्याच्या हाती जातात. कॉम्प्युटर असलेल्या घरात अचानक भोंगा वाजतो आणि पडद्यावर अक्षरं येतात : ‘व्हायरस शिरला आहे, या नंबरवर फोन करा.’ मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या अशा सूचनांमध्ये फोन नंबर कधीच देत नाही, हे किती जणांना ठाऊक असतं? फोन केला की पलीकडचा ‘तंत्रज्ञ’ एनीडेस्कसारखं अ‍ॅप घ्यायला लावतो. हे अ‍ॅप मुळात वाईट नाही, लांब बसून दुसऱ्याचं यंत्र चालवण्याची ती सोय आहे. पण ती अनोळखी माणसाला देणं म्हणजे त्याला तिजोरीपुढं बसवून आपण चहा टाकायला जाणं. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं.

अडाणी माणूसच फसतो, हा गैरसमज आधी टाकून द्यावा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुलं रात्री अमेरिकेत फोन लावून ‘आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, अटक होईल’ असं धमकावत. आणि तिथली माणसं घाबरून दुकानातून गिफ्ट कार्डं विकत घेत, त्यांचे नंबर फोनवर वाचून दाखवत. तीच युक्ती आता ‘डिजिटल अरेस्ट’ होऊन आपल्या घरी आली आहे. असली कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावं लागलं.

आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला यात एक गोष्ट ठळक दिसते. पूर्वी लोक बँकेच्या दिरंगाईवर चिडत. टोकन घ्या, नमुन्याशी सही जुळवा, खातेवहीत नोंद करा, मग दुसऱ्या अधिकाऱ्याची सही. ही दुसरी सही म्हणजे ग्राहकाला निव्वळ खोळंबा वाटे. पण खोटी सही बऱ्याचदा त्या खोळंब्यातच पकडली जाई. तो उशीर हाच पहारेकरी होता. आज यूपीआयनं पैसे क्षणात जातात. ते चांगलंच आहे, मागं जायची कुणाची इच्छा नाही. मात्र पहारेकरी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

ती जागा आता घरानं भरायची. पैशाचा, खात्याचा, अटकेचा फोन आला की तो ठेवून द्यावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कानावर घालावा. ही आपली दुसरी सही. भामटा ‘कुणाला सांगू नका’ असं बजावतो, ते याच सहीच्या धास्तीनं. मग पासबुकावरच्या किंवा कार्डामागच्या नंबरवर आपण फोन करावा, नाही तर सरळ शाखेत जावं. इंटरनेटवर नंबर शोधू नये, तिथं बनावट नंबर पेरलेले असतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. तो देताना लागतो. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’नं संपतो का, तेही पाहावं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती.

घाई करायची ती एकाच प्रसंगी : पैसे गेल्यावर. तत्काळ १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवावं. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तक्रार लवकर पोचली तर तो वाटेत अडवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेच्या माथी असतं.

पण कळवायचं कुणी? फसलेले आजोबा दोन दोन दिवस गप्प राहतात. पैसे गेल्याच्या दुःखाहून ‘एवढंही कळलं नाही?’ या प्रश्नाची लाज त्यांना मोठी वाटते आणि त्या दोन दिवसांत खातं रिकामं होतं. म्हणून घरातल्या तरुण मंडळींना सांगणं एवढंच की, बोलणी नंतर, आधी १९३०. ज्या घरात म्हातारा माणूस न घाबरता ‘माझ्या हातून असं झालं’ म्हणू शकतो, त्या घरात भामट्याचं काम अवघड होतं.