लिनक्सच्या आरंभाची सूत्रे कोणाकडे? ‘सिस्टमडी’वरील वादाचा अन्वयार्थ

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताच या प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, वापरकर्त्याच्या बाजूची एकच प्रक्रिया सर्वप्रथम सुरू करतो. १ हा क्रमांक लाभलेली ही प्रक्रिया नेटवर्क, छपाई, ध्वनी अशा सेवांना कार्यान्वित करते व संगणक बंद होईपर्यंत त्यांच्यावर देखरेख ठेवते. ही जबाबदारी कोणत्या प्रोग्रामवर सोपवावी, या वरकरणी तांत्रिक प्रश्नाने २०१०च्या दशकात मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात उभी फूट पाडली.

त्यापूर्वी बहुतांश वितरणांमध्ये हे काम ‘सिस्टम व्ही इनिट’ ही युनिक्स परंपरेतील पद्धत करीत असे. साध्या मजकुरात लिहिलेल्या आज्ञावली तीत ठरावीक क्रमाने, एकामागून एक चालत. ही पद्धत समजण्यास व दुरुस्त करण्यास सोपी होती. मात्र एक सेवा रेंगाळली की तिच्यामागच्या सेवा खोळंबत. त्यावर उपाय म्हणून उबुंटूची निर्माती कंपनी कॅनोनिकलने २००६ मध्ये ‘अपस्टार्ट’ आणले.

रेड हॅटचे अभियंते लेनार्ट पॉटरिंग यांनी के सिव्हर्स यांच्या साथीने २०१० मध्ये ‘सिस्टमडी’ची मांडणी केली. सेवा शक्यतो एकाच वेळी सुरू करणे, आज्ञावलीऐवजी प्रत्येक सेवेचे संक्षिप्त वर्णन पुरेसे ठरवणे, सेवेच्या सर्व उपप्रक्रियांचा माग ठेवणे आणि बंद पडलेली सेवा आपोआप पुन्हा सुरू करणे, ही तिची बलस्थाने. मे २०११ मध्ये फेडोरा १५ने ती स्वीकारली.

विरोधकांचा आक्षेप वेगाला नव्हता. एका प्रोग्रामने एकच काम नेटके करावे, हा युनिक्सचा जुना दंडक. सिस्टमडीने मात्र नोंदी ठेवणे, वापरकर्त्यांची सत्रे सांभाळणे अशी अनेक कामे आपल्या छत्राखाली आणली. तिच्या नोंदी साध्या मजकुरात नसल्याने त्या वाचण्यास स्वतंत्र साधन लागते. ती केवळ लिनक्स कर्नलवरच चालते. शिवाय ग्नोमसारखी डेस्कटॉप प्रणाली तिच्या घटकांवर विसंबू लागल्याने निवडीचे स्वातंत्र्यच संपेल, अशी भीती व्यक्त झाली. परस्परांशी जुळणारे घटक एकत्र विकसित केल्याने वितरणांचे श्रम वाचतात, असे समर्थकांचे उत्तर होते.

हा संघर्ष डेबियन प्रकल्पात शिगेला पोहोचला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील तांत्रिक समितीत मते समसमान विभागली गेली आणि अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. काही दिवसांतच उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी डेबियनचाच मार्ग अनुसरण्याचे जाहीर केले. स्वतःच्या कंपनीने घडवलेले अपस्टार्ट त्यांना बाजूला ठेवावे लागले. डेबियनमधील कटुता मात्र शमली नाही. त्याच वर्षी काही जुन्या जाणत्या कार्यकर्त्यांनी पदे सोडली, तर असंतुष्टांनी सिस्टमडीविरहित ‘देवुआन’ची घोषणा केली, त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ मध्ये आली.

या वादाचे पडसाद मूळ प्रकल्पापुरते मर्यादित राहत नाहीत. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकने विकसित केलेली भारतीय ‘बॉस’ प्रणाली डेबियनवर बेतलेली आहे, तर केरळमधील शाळांसाठीची लिनक्स आवृत्ती उबुंटूवर. उगमाशी झालेली निवड अशा प्रवाहांतून थेट वर्गखोल्या व कार्यालयांपर्यंत पोहोचते. ती बदलायची, तर त्यासाठीचे मनुष्यबळ ज्याचे त्याला उभारावे लागते.

आज बहुतेक प्रमुख वितरणे सिस्टमडी वापरतात; स्लॅकवेअर, अल्पाइन व व्हॉइड यांनी वेगळी वाट राखली आहे. डिसेंबर २०१९ मधील मतदानात डेबियनच्या सदस्यांनी सिस्टमडीला प्राधान्य देत पर्यायांच्या शोधालाही पाठिंबा दर्शवला. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वेगळे होण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. तो टिकवण्यासाठी मात्र देखभालीचे अखंड श्रम घेणारे हात लागतात, हेच या वादाने अधोरेखित केले.