खपाचे आंकडे आणि नाणेघाटाचा रांजण

गेल्या दिवाळींत आमच्या जुन्नरच्या घरीं फराळापेक्षां वादच अधिक रंगला. दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाचें जें यंत्र, ज्यास मुलें 'कन्सोल' म्हणतात, तें जगांत सर्वांत अधिक कोणाचें खपलें, हा वादाचा विषय! थोरला पुतण्या सोनीच्या 'प्लेस्टेशन २'चा कैवारी, धाकटा निन्टेंडोच्या 'स्विच'चा. आंकडे दोघांसही मुखोद्गत. पण ते कोणीं व कोठें मोजले, हें एकासही सांगतां येईना.

२००० सालीं निघालेल्या प्लेस्टेशन २चा खप कित्येक वर्षें साडेपंधरा कोटी सांगितला जात असे. २०२४ सालीं सोनीनेंच तो सोळा कोटींवर नेला. स्विचचा जाहीर आंकडा ३१ मार्च २०२५ पर्यंत १५ कोटी २१ लक्ष होता. म्हणजे पहिला आंकडा धरल्यास अंतर तीस लक्षांच्या आंत, दुसरा धरल्यास जवळजवळ ऐंशी लक्ष!

शिवाय हे आंकडे लोकांच्या घरीं पोंचलेल्या यंत्रांचे नव्हेत, कंपनीनें व्यापाऱ्यांस दिलेल्या मालाचे. सोनी तर २००७ पर्यंत कारखान्यांतून रवाना झालेला मालच मोजीत असे. विक्रीची नोंद धरूं लागली ती त्यानंतर. येथें आम्हांस आमचा नाणेघाट आठवला. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, असें सांगतात. कोंकणांतून किती माल वर चढला, हें त्या नाक्यावर समजे. जुन्नरच्या पेठेंत किती विकला गेला आणि किती वखारींत पडून राहिला, हें तेथें कसें समजावें? तेथल्याच लेण्यांतील सातवाहनकालीन लेखांत यज्ञदक्षिणेच्या गाई, घोडे व कार्षापण अंकांनीं कोरले आहेत. देशांतील अतिप्राचीन अंकचिन्हांत त्यांची गणना होते. पण तीही मोजदाद देणाऱ्याच्याच बाजूची.

जेथें कंपनी मुकी, तेथें तर नुसता तर्क. मायक्रोसॉफ्टनें २०१५ पासून एक्सबॉक्सचा नगवार आंकडा देणें सोडलें. मोजक्या दुकानांची विक्री पाहून साऱ्या जगाचा हिशेब मांडणारे मग पुष्कळ निघाले. २०२२ सालीं ब्राझीलच्या स्पर्धा-नियामकापुढें मात्र तिनें मान्य केलें कीं, मागील पिढींत सोनीनें आपल्या दुपटीहून अधिक यंत्रें विकलीं. प्लेस्टेशन ४चा आंकडा ११ कोटी ७२ लक्ष. तेव्हां एक्सबॉक्स वन ५ कोटी ८६ लक्षांच्या खालीं, एवढेंच ठामपणें म्हणतां येतें. किती खालीं, तें सांगणारा आम्हांस तरी भेटला नाहीं.

हें सर्व ऐकून धाकट्यानें विचारलें, "काका, मग आपलें माळ्यावरचें यंत्र कोणाच्या हिशेबांत?" प्रश्न मार्मिक होता. निन्टेंडोच्या कॅसेट घालावयाच्या पहिल्या घरगुती यंत्राचा अधिकृत खप ६ कोटी १९ लक्ष. परंतु १९९०च्या दशकांत आपल्याकडे घरोघरीं आलीं तीं बहुधा त्याचीं अनुकरणें, आणि त्यांचा हिशेब कोणत्याच वहींत नाहीं. आमचें यंत्र त्यांतलेंच. पुण्यास घेतलेलें, चार वर्षें आम्हांकडे खेळलेलें, पुढें आंबेगांव तालुक्यांत मंचरास आत्याबाईंच्या मुलांकडे गेलेलें आणि तीं मोठीं झाल्यावर परत आलेलें. दोन घरांतलीं सात मुलें त्यावर वाढलीं!

आम्हीं तें खालीं काढून पुसलें. अजून चालतें, कॅसेट मात्र दोनदां फुंकावी लागते.