खोडदची दुर्बीण आणि पंचवीस हजार व्होल्टची गाडी

नारायणगावच्या पूर्वेला, खोडद परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या उभ्या आहेत. एकूण ३०. त्या सगळ्या मिळून जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही रेडिओ दुर्बीण होते. त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या, उरलेल्या १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती इथल्या रेडिओ-शांततेसाठी. भोवतालचे डोंगर बाहेरचा गोंगाट अडवतात.

याच पट्ट्यातून पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे जायची होती. २३५ किलोमीटर, वेग ताशी २००. मंचर आणि नारायणगाव वाटेवर. जुन्नर-आंबेगावच्या टोमॅटो-कांद्याला आजही हमरस्त्याशिवाय वाट नाही, म्हणून लोकांचे डोळे तिच्याकडे लागले होते. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जीएमआरटीचे कारण देऊन हा मार्ग बाजूला ठेवला. नाराजी उसळली, आणि ती रास्त आहे. दुर्बिणीची काळजीही तितकीच रास्त. मात्र या सगळ्यात गाडीतून नेमका कोणता गोंगाट बाहेर पडतो, हा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न मागे पडला.

रुळांवरच्या तारेतले २५,००० व्होल्ट गाडीतला ट्रान्सफॉर्मर उतरवतो. पुढे कन्व्हर्टर त्या विजेचे डीसी करतो आणि इन्व्हर्टर त्यातून मोटरसाठी थ्री-फेज वीज घडवतो. हे काम आयजीबीटी नावाचे अर्धवाहक स्विच सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होऊन करतात. प्रत्येक वेळी व्होल्टेज उभ्या कड्यासारखे चढते. हा चढ १०० नॅनोसेकंदांचा असेल, तर सुमारे ३ मेगाहर्ट्झच्या पुढे गोंगाट झपाट्याने ओसरतो. जीएमआरटी ऐकते ते साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झच्या टापूत. तिथपर्यंत फारच थोडा उरतो.

पण नवे संशोधन सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचकडे वळले आहे. जपानच्या २०२० साली सेवेत आलेल्या एन७००एस शिन्कान्सेनमध्ये असेच स्विच आहेत. यात वीज कमी वाया जाते आणि यंत्रणा हलकी होते, कारण स्विच चपळ आहे. तोच चढ २० नॅनोसेकंदांत झाला, की ओसर १६ मेगाहर्ट्झनंतर सुरू होतो आणि १५० मेगाहर्ट्झला पोचणारी ऊर्जा गणिताने २५ पट होते. वीज वाचवणारा गुणच दुर्बिणीच्या मुळावर येऊ शकतो. चढ किंचित संथ करणे, फिल्टर लावणे, केबलना धातूचे कवच घालणे हे उपाय प्रयोगशाळांना ठाऊक आहेत.

मला अधिक धास्ती वाटते ती पँटोग्राफची, म्हणजे गाडीच्या छतावरून तारेतली वीज घेणाऱ्या सांगाड्याची. तो तारेपासून क्षणभर सुटला की ठिणगी पडते, आणि ठिणगीचा गोंगाट थेट शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत जातो. शिवाय ‘कवच’ या सुरक्षा यंत्रणेचा रेडिओ ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, म्हणजे दुर्बिणीच्या टापूतच.

जीएमआरटी चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. विजेच्या तारांतून येणारे क्षणिक झटके ओळखून गाळण्याची संख्याशास्त्रीय पद्धत तिथल्या अभियंत्यांनी दुर्बिणीतच बसवली आहे. तिकडे मुंबईच्या आयआयटीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधन चालते. या दोघांनी मिळून मोजमाप करावे. रेल्वेचे नेहमीचे युरोपीय मानक रुळापासून १० मीटरवर, १ गिगाहर्ट्झपर्यंत मोजते. त्याने शेजाऱ्याचा रेडिओ सुरक्षित राहतो. आकाशगंगांचा क्षीण संदेश राहील की नाही, हे त्यातून कळत नाही. मोजायला गाडी शोधावी लागणार नाही: मुंबई–सोलापूर वंदे भारत २०२३पासून पुण्यावरून धावते आहे. तिच्या मार्गालगत एक, पाच, दहा किलोमीटरवर दुर्बिणीच्याच वारंवारितांवर संवेदनशील अँटेना लावता येतील, आणि ते आकडे मंचर-नारायणगावच्या लोकांसमोर ठेवता येतील.