जोडधंद्याचें भांडवल: यंत्राचें आणि मालाचें

तुरीच्या मुलखांत, म्हणजे विदर्भांत व मराठवाड्यांत, पिकलेली तूर बाजारांत कच्ची विकावयाची आणि तीच डाळ होऊन वाण्याच्या दुकानांत आली कीं चढ्या दरानें घरीं आणावयाची, हा क्रम आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. हा मधला नफा गांवांत राहावा म्हणून लहान डाळगिरणी काढण्याचा विचार अनेक शेतकरी कुटुंबांत चालू असतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें तयार केलेली 'पीकेव्ही मिनी दाल मिल' गांवांतल्या गांवांत चालण्याजोगी असल्यामुळें या विचारास बळ आलें आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु या विषयावर चार माणसें जमलीं म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो 'सरकारी सूट किती मिळते?' हा, आणि 'गिरणींत घालावयाची तूर कोणाच्या पैशानें घ्यावयाची?' हा प्रश्न बहुधा गिरणी उभी राहिल्यावर निघतो. आमच्या मतें हा क्रम उलटा पाहिजे. तो कां, हें येथें हिशेब मांडून दाखविण्याचें योजिलें आहे.

प्रथम डाळ कशी होते तें पाहूं. तूर निवडून व चाळून घेतल्यावर रुळांतून काढून तिच्या टरफलास ओरखडे पाडतात. मग तिला तेल चोळून मुरत ठेवतात, उन्हांत वाळवितात, पुन्हां पाणी लावून मुरवितात, पुन्हां वाळवितात, आणि त्यानंतर ती फोडतात. शंभर किलो चांगल्या तुरीची सुमारें सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ उतरते. उरतें तें चुनी व फोल, आणि तें गुरांच्या उपयोगी पडतें. यंत्राचें काम तासांचें, परंतु उन्हाचें काम दिवसांचें. आभाळ आलें कीं अंगणांतील तूर तशीच राहते, आणि पावसाळ्यांत तर उन्हावर अवलंबून असलेली गिरणी बंदच ठेवावी लागते. तेव्हां तूर विकत घेतल्या दिवसापासून डाळ पोत्यांत भरेपर्यंत आठ-दहा दिवस तरी पैसा अडकून राहतो, हें धरून चालावें.

आतां समजा, एका गृहस्थानें रोज चार क्विंटल तूर भरडण्याच्या बेतानें गिरणी घातली. यंत्र, मोटार, वीजजोडणी व शेड मिळून पांच लक्ष रुपये लागले असें धरूं. तुरीचा सरकारी आधारभाव सन २०२५-२६ च्या हंगामाकरितां क्विंटलास ८,००० रुपये ठरला होता; तोच दर हिशेबास घेऊं. म्हणजे रोज ३२,००० रुपयांची तूर पाहिजे. डाळ तयार होऊन गिऱ्हाइकाच्या हातीं जाण्यास दहा दिवस लागले आणि गिऱ्हाइकानें रोख पैसे दिले, तर ३,२०,००० रुपये सतत मालांत गुंतून राहतील. परंतु तीच डाळ तालुक्याच्या व्यापाऱ्यास महिन्याच्या उधारीनें दिली तर दहाचे चाळीस दिवस होतात, आणि गुंतणारी रक्कम १२,८०,००० रुपये होते! गिरणीच्या किंमतीच्या अडीच पटींहून ही अधिक झाली. यांतील ९,६०,००० रुपये गिरणींत नाहींत, गोदामांतही नाहींत. ते व्यापाऱ्याच्या वहींत आहेत. त्यांवर शेंकडा ११ दरानें शंभर दिवसांच्या हंगामाचें व्याज धरलें तर तें सुमारें २९,००० रुपये होतें. चारशें क्विंटल तुरीवर तें वांटलें असतां क्विंटलामागें सुमारें बहात्तर रुपये व्यापाऱ्याच्या सोयीसाठीं आपण आपल्या पदरचे भरले असें होईल. मजुरी, वीज व पोतीं या हिशेबांत धरलेलींच नाहींत.

ज्यापाशीं एवढी रक्कम नसते तो काय करितो? तो आठवड्यांतून दोन दिवस गिरणी चालवितो, अथवा आडत्याकडून उचल घेतो. आडत्या उचल देतो ती डाळ आपल्यालाच घालावी या अटीवर, आणि मग डाळीचा दर आडत्याच ठरवितो. इकडे यंत्राच्या कर्जाचा हप्ता दर महिन्यास येतच असतो. बंद पडलेल्या गिरणीविषयीं लोक 'यंत्र बिघडलें' असें म्हणतात. बहुत ठिकाणीं यंत्र चांगलें असतें. तूर घेण्यास पैसा नसतो.

पैशाचे हे दोन प्रकार आपल्या लोकांस नवे नाहींत. जुन्या तगाईचे कायदेही दोन होते: १८८३ चा जमीनसुधारणेच्या कर्जाचा, ज्याखालीं विहीर, बांध यांसारख्या टिकाऊ कामांस पैसा मिळे, आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा, ज्याखालीं बी-बियाणें व बैल यांस मिळे. विहिरीचा पैसा अनेक वर्षांनीं फिटावयाचा व बियाण्याचा पैसा पीक आल्यावर, हें कायदा करणारांस कळत होतें. बँकेच्या भाषेंत पहिल्यास मुदत कर्ज व दुसऱ्यास खेळतें भांडवल अथवा कॅश क्रेडिट म्हणतात. अर्ज करतांना हीं दोन्हीं एकाच प्रकल्प-अहवालांत मागावीं. यंत्राचें कर्ज घेऊन झाल्यावर सहा महिन्यांनीं खेळत्या भांडवलासाठीं पुन्हां बँकेच्या पायऱ्या चढणारास साहेब प्रथम विचारतो तें हें, कीं गिरणी चालत कां नाहीं.

आतां सुटीविषयीं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना २००८ पासून खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत चालविली गेली, आणि २०२५-२६ पर्यंतच्या काळाकरितां तिला मंजुरी मिळाली होती. तिच्यांत ग्रामीण भागांतील सर्वसाधारण वर्गाच्या अर्जदारास प्रकल्पाच्या किंमतीवर शेंकडा २५, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक वगैरेंस शेंकडा ३५ सूट ठरलेली. स्वतःचा हिस्सा पहिल्यांनीं शेंकडा १० व दुसऱ्यांनीं ५ घालावयाचा. जमिनीची किंमत प्रकल्पांत धरीत नाहींत. दहा लक्षांचा प्रकल्प असेल तर सर्वसाधारण अर्जदाराचा एक लक्ष, बँकेचे नऊ लक्ष, आणि सूट अडीच लक्ष. परंतु ही अडीच लक्षांची रक्कम अर्जदाराच्या हातीं पडत नाहीं. ती त्याच्या नांवें बँकेंतच तीन वर्षें मुदत ठेव म्हणून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाहीं व तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाहीं. तीन वर्षांनीं धंदा चालू आहे अशी पाहणी झाली म्हणजे ती कर्जांत वळती होते. सुटीचा पैसा येईल व त्यांतून तूर घेऊं, असा बेत करणारे मंडळींत आढळतात, म्हणून हें विस्तारानें लिहिलें. पत्नीच्या नांवें अर्ज केल्यास सूट अधिक बसते हें खरें, परंतु नवरा-बायकोंपैकीं एकासच हा लाभ घेतां येतो. आणि जिच्या नांवें कर्ज आहे तिला जमाखर्च ठाऊक नसावा हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. अशा योजनांच्या मुदती संपतात, वाढतात, अटीही बदलतात. तेव्हां त्या वेळीं कोणती चालू आहे हें जिल्हा उद्योग केंद्रांत जाऊन विचारावें, आणि शेंकडेवारी घेऊन अर्ज भरून देणाऱ्या दलालाच्या दारीं जाऊं नये. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी तर १ जुलै २०२० पासून संगणकावर विनामूल्य होते. तिच्यासाठीं हजार-हजार रुपये मोजणारे लोक पाहून वाईट वाटतें.

सुटीवांचूनही मार्ग आहे. ८ एप्रिल २०१५ रोजीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत 'शिशु' वर्गांत पन्नास हजारांपर्यंत, 'किशोर' वर्गांत पांच लक्षांपर्यंत व 'तरुण' वर्गांत दहा लक्षांपर्यंत कर्ज ठरविलें गेलें; २०२४ सालीं, पूर्वींचें 'तरुण' कर्ज फेडलेल्यांसाठीं ही मर्यादा वीस लक्षांपर्यंत वाढविण्यांत आली. त्यासाठीं निराळी कचेरी नाहीं. पैसा नेहमींच्या बँकेंतूनच मिळतो.

येथें तारणाची गोष्ट निघते, आणि महसूल खात्यांत हयात गेलेल्या माणसास तिच्यावर थांबल्यावांचून राहवत नाहीं. सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यांत बोजाची नोंद पाहिली नाहीं असा गट विरळा. पीककर्जाचा बोजा समजण्यासारखा आहे. परंतु पिठाच्या गिरणीसाठीं, तेलाच्या घाण्यासाठीं, किंबहुना दुकानासाठीं शेत लिहून दिल्याच्या नोंदी आमच्या हातून फेरफारांत गेल्या आहेत. आणि धंदा बसल्यावर त्याच गटांचे पुढें काय झालें तेंही दप्तरांतच वाचावयास मिळालें. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या दहा लक्ष रुपयांपर्यंतच्या कर्जास बाहेरचें तारण घेऊं नये, असा आदेश रिझर्व बँकेनें २०१० सालींच व्यापारी बँकांस दिलेला आहे. घेतलेलें यंत्र व भरलेला माल बँकेकडे नजरगहाण राहतो, तो राहावाच. शेताची मागणी झाली तर या आदेशाची नम्रपणें आठवण द्यावी व नकार लेखी मागावा. अशा कर्जांसाठीं केंद्र सरकार व लघु उद्योग विकास बँक यांनीं २००० सालीं पतहमीचा न्यास स्थापिला, व मुद्रेसही अशी हमी आहे. मात्र ही हमी बँकेस आहे, कर्जदारास नव्हे. कर्ज थकलें तर न्यास बँकेची भरपाई करितो. कर्जदाराचें देणें त्यामुळें बुडत नाहीं.

गांवची पतसंस्था मात्र निराळी. ती ओळखीवर लवकर पैसा देते, हा तिचा गुण. परंतु वरील आदेश तिला लागू नाहीं, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालीं वसुलीचा दाखला मिळाला कीं ती थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येते. जामीनदारासही हेंच. करार कायद्याप्रमाणें जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'नुसती सही' असें कांहीं नसतें. कर्ज फिटल्यावर बँकेचा ना-देय दाखला तलाठ्याकडे, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्याकडे देऊन बोजा कमी केल्याचा फेरफार करून घ्यावा. फिटलेल्या कर्जाचे बोजे वर्षानुवर्षें सातबारावर तसेच पडून असतात, आणि वांटणीच्या वेळीं भावाभावांत त्यावरून तंटे होतात.

शिक्षणाचा खर्च वाचकांनीं भांडवलांतच धरावा, जरी तें बहुधा फुकट मिळतें. कर्नाटकांत उजिरे येथें १९८२ सालीं धर्मस्थळाच्या देवस्थानानें सिंडिकेट व कॅनरा या दोन बँकांच्या साह्यानें ग्रामीण तरुणांस स्वयंरोजगार शिकविणारी संस्था काढली. तिच्या धर्तीवर पुढें केंद्रीय ग्रामविकास खात्यानें जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभारविल्या, व त्या बँकांकडे चालविण्यास दिल्या. तेथें शिक्षण, राहणें व जेवण विनामूल्य असतें, आणि शिकून गेलेल्याची पुढें दोन वर्षें विचारपूस करावयाची अशी पद्धति आहे. आम्हांस ही दोन वर्षांची विचारपूसच मोलाची वाटते. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रही १९८८ पासून हेंच काम करीत आलें आहे. दाखल्यापुरतें शिक्षण घेऊन येणारे पुष्कळ. परंतु रोजमेळ लिहिण्यास, क्विंटलामागें खर्च काढण्यास आणि उतारा मोजण्यास तेथें जो शिकला तो यंत्राच्या व्यापाऱ्याशीं निराळ्या रीतीनें बोलतो. शेंकडा सत्तर उतरणारी डाळ पासष्टावर आली, तर चारशें क्विंटलांमागें वीस क्विंटल डाळ गेली. ती कोठें गेली हें ज्यास शोधतां येत नाहीं त्यानें सुटीचा विचार करूं नये.

खेळतें भांडवल थोडें असेल त्यानें पहिलें वर्ष मजुरीवर काढावें अशी आमची सूचना आहे. शेजाऱ्यांची तूर घेऊन त्यांचीच डाळ करून द्यावी व किलोमागें मजुरी घ्यावी. यांत नफा थोडा, पण तुरीचा पैसा आपला गुंतत नाहीं, दर पडले तरी आपण बुडत नाहीं, आणि यंत्र हातांत बसतें. शिवाय घरच्या तुरीस राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, जी बाजारसमित्यांमार्फत १९९०-९१ पासून चालत आली. तूर गोदामांत ठेवून किंमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत, सहा महिन्यांकरितां, शेंकडा ६ व्याजानें रक्कम मिळावी अशी तिची रचना. ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालापुरती आहे. विकत घेतलेल्या तुरीस ती नाहीं.

उधारीविरुद्ध कायदा नाहीं असें नाहीं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या लहान कारखानदाराचा पैसा ठरलेल्या मुदतींत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, दिला पाहिजे. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतें. कायदा चांगला आहे. परंतु ज्या व्यापाऱ्यावर तो चालविला तो पुढील हंगामांत डाळ घेणार नाहीं, हेंही ध्यानांत धरावें, आणि एकाच व्यापाऱ्यावर सर्व माल घालूं नये. आठवडी बाजारांत व ओळखीच्या घरांत रोखीनें जाणारी डाळ थोडी असली तरी तिनें दहा दिवसांत पैसा परत आणला, हें वरच्या हिशेबांत दिसेलच.

राहिली वेळेची गोष्ट. तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारांत येऊं लागते. तेव्हां पेरण्या उरकल्यावर आषाढ-श्रावणांत शिक्षण घ्यावें. भाद्रपदांत दरपत्रकें मागवून प्रकल्प-अहवाल व अर्ज द्यावा. अन्नपदार्थाच्या धंद्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं लागणारी नोंदणी व शेडच्या जागेचा बिनशेतीचा नियम यांची चौकशी त्याच वेळीं करावी. आणि मार्गशीर्षांत यंत्र चालवून पाहावें. तूर घरांत आल्यावर जानेवारींत जो अर्ज करितो त्याचें यंत्र वैशाखांत येतें, आणि पहिले हप्ते पावसाळ्यांत, गिरणी बंद असतांना, भरावे लागतात. पावसाळ्याचे महिने सोडून हप्ते बांधून द्यावे, अशी विनंती बँकेस करतां येते; ती मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वीं, अर्जांतच लिहून करावी.