तिथी सरकली, म्हणून पाऊस सरकत नाही

गणपतीचं विसर्जन झालं की आपल्या उधना, लिंबायत, डिंडोलीच्या सोसायट्यांमध्ये एकच विचारणा सुरू होते : गडावर कधी निघायचं? कोणी घटस्थापनेला वणीला जातं, कोणी अष्टमी धरतं, कोणी कोजागिरीला कावड घेऊन पायी निघतं. यंदा या प्रश्नाला लगेच एक उत्तरही मिळतंय : "नवरात्र उशिरा आहे ना, तोवर पाऊस गेलेला असेल. बिनधास्त जा."

या उत्तरातला पहिला भाग बरोबर आहे. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. 2026 मध्ये मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे पुढचे सगळे सण मागे गेले. घटस्थापना 11 ऑक्टोबरला, दसरा 20 तारखेला आणि कोजागिरी 25 तारखेच्या रात्री आहे. म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. पण "बिनधास्त जा" हा दुसरा भाग मात्र जरा तपासून घ्यायला हवा.

पाऊस गेला, हे कसं ठरतं?

भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये मॉन्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. त्यांनुसार वायव्य राजस्थानातून परतीचा प्रवास 17 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो, मुंबईतून मॉन्सून 8 ऑक्टोबरच्या आसपास जातो आणि 15 ऑक्टोबरपर्यंत देशातून निरोप घेतो. राजस्थानात ही सुरुवात जाहीर करताना तीन गोष्टी पाहतात : सलग पाच दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता बरीच कमी झाली आहे आणि खालच्या थरात वाऱ्यांची दिशा उलटी फिरून घड्याळाच्या काट्यासारखी झाली आहे.

अमेरिकेतले आपले नातेवाईक फोनवर "काल कोल्ड फ्रंट आला, एका रात्रीत गारवा पडला" असं सांगतात. तिथे थंड, कोरडी हवा गरम हवेला ढकलत येते आणि काही तासांत ऋतू बदलल्यासारखा वाटतो. आपल्या सह्याद्रीत असं सहसा होत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या थंड हवेच्या प्रणाली ऑक्टोबरमध्ये हिमालयातच अडतात. आपल्याकडे नैर्ऋत्येचा दमट वारा हळूहळू थकतो आणि उत्तरेचा, ईशान्येचा कोरडा वारा त्याची जागा घेतो. ही अदलाबदल कधी चार दिवसांत होते, कधी तीन आठवडे रेंगाळते.

2025 चंच बघा. राजस्थानातून मॉन्सून वेळेआधी, 14 सप्टेंबरलाच परतू लागला. 26 सप्टेंबरला परतीची रेषा भरूचपर्यंत आली आणि तिथेच अडकली. भरूच आपल्यापासून साधारण सत्तर किलोमीटर. म्हणजे तिकडे मॉन्सून संपला आणि सुरतेत चालूच! मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ झालं. 16 ऑक्टोबरला मॉन्सून देशातून गेल्याचं जाहीर झालं, आणि तरीही महिनाअखेरीस समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे सौराष्ट्र आणि दक्षिण गुजरातेत पाऊस पडून उभी पिकं भिजली. ते दिवस दिवाळीनंतरचे होते. यंदा त्याच तारखांना कोजागिरी आहे.

तिथी चंद्रावर चालते, वारे सूर्यावर आणि समुद्राच्या तापमानावर. पंचांगात महिना वाढला, म्हणून समुद्र थांबत नाही.

घाटात काय अपेक्षा ठेवावी?

सुरतहून वघई, सापुतारा, हातगडमार्गे वणी-नांदुरीला जाताना आपण समुद्रसपाटीपासून थेट डोंगरमाथ्यावर चढतो. सापुतारा सुमारे हजार मीटरवर, सप्तशृंगी गड त्याहून उंच, बाराशे मीटरच्या आसपास. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ऑक्टोबरमध्ये सुरतेत दुपारी 36 अंश असतील, तर गडावर 28-29 धरायला हरकत नाही. पहाटे मात्र स्वेटर लागेल. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना तर नक्कीच.

परतीचा पाऊस श्रावणासारखा दिवसभर रिमझिमत नाही. सकाळी आकाश निळं, लख्ख ऊन. अकरानंतर ओली जमीन तापते, दमट हवा डोंगरउतारावरून वर चढते, दोन-तीनच्या सुमारास काळे ढग जमतात आणि तीन ते सात या वेळेत विजांसह जोरदार सर कोसळते. तासाभरात सगळं शांत. पण त्या तासाभरात ओढ्याला पाणी येतं, घाटात दगड-माती रस्त्यावर येते. म्हणून सकाळचं ऊन बघून संध्याकाळचा बेत ठरवू नये. मोकळ्या उतारावर किंवा एकट्या झाडाखाली वीज सगळ्यात धोकादायक. वीज चमकल्यापासून तिसाव्या सेकंदाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा गाडीत बसावं.

पाऊस खरोखर गेला की दुसरी अडचण सुरू होते, धुक्याची. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, जड गार हवा दरीत उतरते आणि पहाटे वळणं दिसेनाशी होतात. जुलै 2023 मध्ये सप्तशृंगीच्या घाटात एसटी बस दरीत कोसळली होती, तीही सकाळच्या वेळी. रात्री सुरतहून निघून पहाटे घाट चढायचा, ही आपली जुनी सवय आहे. ती बदलून उजाडल्यावर घाट चढावा आणि दुपारी दोनच्या आत खाली यावं.

मोबाईलवरचा सूर्य

माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून एक गोष्ट सांगतो. मोबाईलमधलं हवामान ॲप ज्या गणिती मॉडेलवर चालतं, ते पृथ्वीचे चौकोन पाडतं. जगातली चांगली मॉडेल्स नऊ ते बारा किलोमीटरचे चौकोन घेतात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे 2025 पासून सहा किलोमीटरवर आली आहे. तरीही पायथ्याची नांदुरी आणि वरचा गड एकाच चौकोनात येऊ शकतात आणि दोघांचं मिळून एकच तापमान दिसतं. शिवाय दहाव्या दिवसावर दिसणारं सूर्याचं चित्र म्हणजे एक शक्यता आहे. पहिल्या तीन दिवसांचा अंदाज भरवशाचा, पाचव्यानंतर फक्त कल पाहावा.

दुसरं म्हणजे, हातगडाजवळ राज्याची हद्द ओलांडली की अंदाज देणारं कार्यालयही बदलतं. सुरत-डांगचा इशारा अहमदाबादहून येतो, नाशिकचा मुंबईहून. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी 'मौसम' ॲपवर दोन्ही जिल्हे बघा आणि विजेसाठी 'दामिनी' ठेवा. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील, तर नारिंगीला बेत एक दिवस पुढे ढकललेला बरा. लाल असेल तर प्रश्नच नाही. आणि पायी जाणाऱ्या मंडळींसोबत जी गाडी असते, तिच्यातल्या एकाने तरी दर तीन तासांनी इशारा बघायची जबाबदारी घ्यावी.

गडाच्या डोंगररांगेच्या उत्तरेकडे पडलेलं पाणी गिरणेला मिळतं, गिरणा तापीला, आणि धरणांमधून उरलेलं पाणी उकाईहून आपल्या शहरात येतं. तेव्हा तिकडे पाऊस रेंगाळला, तर इकडे नदीकाठच्यांनीही उकाईच्या पातळीच्या बातम्या वाचाव्यात.

एकूण अंदाज असा : ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारच्या गडगडाटी सरी गृहीत धरूनच बेत आखावा. दुसऱ्या पंधरवड्यात आकाश निरभ्र असण्याची शक्यता बरीच जास्त, पण समुद्रात काही हालचाल झाली तर सगळं बदलेल. कोजागिरीचं दूध चंद्राखाली आटवायला मिळो आणि दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याची घारी कोरड्या गच्चीवर बसून खायला मिळो. छत्री मात्र गाडीत असू द्या.