विदर्भाचे वाघ फक्त घरचेच?

यवतमाळसह अकरा जिल्ह्यांच्या विदर्भ संघाने २०१९ आणि २०२५ साली रणजी करंडक जिंकला, तो नागपूरजवळच्या जामठ्याच्या घरच्या मैदानावर. मधल्या २०२४ चा अंतिम सामना मुंबईच्या वानखेडेवर १६९ धावांनी गमावला. झाले! हे घरचेच वाघ, असे म्हणायला टीकाकार मोकळे.

पण वाचकहो, २०१७-१८ चे पहिले अजिंक्यपद कोठे मिळाले? उपांत्यपूर्व सामना सुरतेला, उपांत्य कोलकात्याला, अंतिम इंदूरला! कोलकात्यात रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले आणि कर्नाटक अवघ्या पाच धावांनी हरले. पुढच्याच मोसमात वायनाडला, केरळच्या अंगणात, उपांत्य सामना दोन दिवसांत आटोपला. खेळपट्टी वेगवान गोलंदाजांना धार्जिणी होती खरी. पण ती दोघांनाही सारखीच. बारा बळी घेतले ते विदर्भाच्या उमेश यादवने.

यवतमाळच्या कोरडवाहू कापूसकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाऊस साऱ्या शिवारावर पडतो. पीक साधते ते वेळेवर पेरणी-डवरणी करणाऱ्याचे. घरच्या मैदानाचा लाभ असतोच, नाही कोण म्हणतो? पण परक्या मैदानावर तरून जायला गोलंदाजच घडवावे लागतात. विदर्भाने ते घडवले.