झाडलोटीचें कंत्राट

माझ्या पुतण्याचा पुण्यांत छापखाना आहे. गेल्या वर्षीं कचेरी आणि छापखाना नव्या तीन मजली जागेंत गेल्यावर रोजची साफसफाई बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवावयाचें ठरलें. तीन दरपत्रकें घेऊन तो एके सायंकाळीं घरीं आला आणि म्हणाला, "काका, स्वस्त कोणतें तें दिसतेंच आहे, चांगलें कोणतें तेवढें तुम्ही पाहा." आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुलें आज कारखाने, दवाखाने व शिकवणीचे वर्ग चालवितात. त्यांच्या उपयोगीं पडावा म्हणून त्या सायंकाळचा विचार येथें मांडीत आहें.

मीं प्रथम विचारलें, "यांपैकीं जागा पाहून कोण गेला?" तिघांपैकीं एकानेंच ती पाहिली होती, इतर दोघांनीं चौरस फूट ऐकून दर कळविले होते. ज्यानें जागा पाहिली त्यानें फरशी कोणत्या दगडाची आहे, हेंहि विचारलें होतें. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. शहाबादी, कडाप्पा, संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड. अ‍ॅसिड पडलें कीं त्यांचा पृष्ठभाग झिजतो, चकाकी जाते आणि खडबडीत झालेल्या फरशींत मळ अधिकच बसतो. म्हणून दराच्या आधीं जागेची चौकशी करणारा मनुष्य आपला धंदा जाणतो, असें समजण्यास हरकत नाहीं.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. माझ्या माहितीच्या एका कचेरींत कांहीं वर्षांपूर्वीं एका सफाई करणाऱ्या बाईनें बंद संडासांत आधीं ब्लीचिंग पावडर टाकली आणि डाग निघेना म्हणून तिच्यावर अ‍ॅसिड ओतलें. या दोहोंच्या संयोगानें क्लोरीन वायु सुटतो. बाईचा श्वास कोंडला. दैवानें ती बचावली. तिचा दोष इतकाच कीं तिला कोणीं कांहीं शिकविलें नव्हतें, आणि बाटलीवरची सूचना तिला न वाचतां येणाऱ्या भाषेंत होती. यास्तव कंत्राटदारास स्पष्ट विचारावें: औषधांचा वापर कोण शिकवितो? हातमोजे कोण पुरवितो? संडासाचीं फडकीं आणि मेजांचीं फडकीं निरनिराळ्या रंगांचीं असतात काय? जंतुनाशक लावतांच पुसून टाकलें तर त्याचा गुण येत नाहीं. बाटलीवर सांगितलेला वेळ तें पृष्ठभागावर ओलें राहावें लागतें, हें माणसांस ठाऊक आहे काय?

तिसरा प्रश्न हिशेबाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. मीं कागद पुढें ओढला व पुतण्यास म्हटलें, "आतां सर्वांत स्वस्त दराला माणसांच्या संख्येनें भाग." आलेली रक्कम सरकारी किमान वेतनाहूनहि कमी भरली! वास्तविक त्या वेतनावर भविष्यनिर्वाह निधींतील मालकाचा वाटा शेंकडा १२, राज्य कामगार विम्याचा शेंकडा ३.२५, सुटीच्या दिवशींचा बदली मनुष्य, साबण, औषधें आणि शेवटीं कंत्राटदाराचा नफा, इतकें सर्व चढावयाचें असतें. मग हा गृहस्थ आपला नफा कोठून काढणार? ज्याला तोंड उघडतां येत नाहीं त्याच्याच पोटांतून. अशा स्वस्ताईचा लाभ घेणारा मालक त्या पापाचा भागीदार होतो. कायद्याचा ओघहि तिकडेच आहे. कंत्राटदारानें वेतन थकविल्यास मूळ मालकानें तें भरावें व मग कंत्राटदाराकडून वसूल करावें, हें तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें घातलें आणि २०२० च्या व्यवसाय-सुरक्षेच्या संहितेनेंहि राखलें आहे.

चौथी गोष्ट मैल्याच्या टाकीची. सुरक्षेच्या साधनांवांचून मनुष्यास गटारांत वा मैल्याच्या टाकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. अशा मृत्यूंबद्दल वारसांस तीस लक्ष रुपये भरपाई मिळावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं ठरविलें. परंतु गेलेला जीव रुपयांनीं परत येत नाहीं. यासाठीं "टाकी केवळ यंत्रानेंच उपसली जाईल," हें कलम करारांत लिहूनच घ्यावें.

शौच हें आपण धर्माचें लक्षण मानतों; पण दुसऱ्यास अपवित्र ठरवून स्वतः पवित्र राहण्याची आपल्या घराण्यांची जुनी खोड आहे, हें कबूल केलें पाहिजे. आप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला साफ करण्याचें काम स्वतःस मिळावें म्हणून उपवासाचा मार्ग धरला, आणि येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांच्यासाठीं उपवास केला. ती आठवण दरपत्रक वाचतांना मनांत असूं द्यावी.

पुतण्यानें जागा पाहून गेलेल्या कंत्राटदारास काम दिलें. दर अधिक पडला. पण वेतन बँकेंत जमा झाल्याचा पुरावा दरमहा दाखविल्यावरच बिल चुकतें होईल, अशी अट त्यानें घातली. महिन्याभरानें मी दुपारीं तेथें गेलों. झाडलोट करणाऱ्या दोघी बायका इतर नोकरांबरोबर त्याच खोलींत बांकावर बसून डबा खात होत्या, आणि पुतण्या त्यांना नांवानें हांक मारीत होता. फरशी तर स्वच्छ होतीच.